सतरा नंबरचा गुरुवार

समुपदेशकांच्या परिषदेच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर टंकलेखनाची खोली आहे. दोन टेबलं, दोन संगणक, दोन हेडफोन आणि प्रत्येक टेबलाखाली एक पेडल. पेडलाची डावी बाजू दाबली की आवाज मागे जातो, उजवी दाबली की पुढे चालतो, आणि पाय उचलला की बोलणारा जिथल्या तिथे गप्प. बोलणाऱ्याला पायाने गप्प करायची सोय दुसऱ्या कुठल्या नोकरीत आहे, असं खालच्या मजल्यावरची मंडळी विचारत आणि आपणच हसत. मौनीबाई हसत नसत. त्या हेडफोन काढतच नसत, तर ऐकणार कुठून?

मौनीबाई हे नाव ऑफिसने ठेवलेलं. वय छप्पन्न, नोकरी एकतीस वर्षांची. मनाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाशी जे समुपदेशक नको तसे वागले, त्यांची चौकशी खालच्या खोलीत होई. कोणी क्लायंटकडून घरचं रंगकाम करून घेतलेलं, कोणी एकाचं गुपित दुसऱ्याला सांगितलेलं, कोणी त्याहून वाईट. सगळं ध्वनिमुद्रित होऊन वर येई आणि दोन टेबलांवरच्या दोघी ते शब्दाला शब्द टाइप करत. वर कोणाचंही नाव येत नसे. फाइलवर प्रकरणाचा क्रमांक आणि आत नुसते ‘तक्रारदार’ आणि ‘प्रतिवादी’. नावं बाहेर फुटू नयेत म्हणून ही शिस्त. मौनीबाईंच्या कानात एकतीस वर्षांत कितीतरी माणसं रडली, पण त्यांतल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

कामाचे नियम भिंतीवर चिकटवलेले होते. खोकला, शिंक, ‘अं’ गाळावं. दहा सेकंदांहून जास्त कोणी गप्प राहिलं तर कंसात ‘विराम’ लिहावं. तीनदा ऐकूनही कळलं नाही तर कंसात ‘अस्पष्ट’ लिहावं, पदरचं घालू नये. आणि शेवटचा नियम असा, की आवाज ओळखीचा वाटला तर तत्क्षणी काम थांबवून रजिस्ट्रारना कळवावं. हा शेवटचा नियम आजवर कोणाला लागला नव्हता. मौनीबाईंना तर तो लागायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या ओळखीचे आवाज होतेच किती?

एक दादाचा. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. “बरी आहेस ना?” एवढं विचारून तो फोन वहिनीच्या हातात देई. वहिनी “वन्सं, जेवता ना वेळेवर?” असं विचारत आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच “बरं बरं, ठेवते हं” म्हणत. सगळं मिळून चार मिनिटं. दुसरा आवाज शिपायाचा, तो बोलण्यापेक्षा कुरकुरतच जास्त. तिसरा शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा. ती नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, तरी सगळे तिला ‘नवी’च म्हणत. बाकी वाणी, दूधवाला, खालच्या घरातला रेडिओ.

लग्न मोडलं, कोणी फसवलं, असं काही झालं नव्हतं. राहिलं, एवढंच. बसमध्ये एखादी छत्री राहते ना, तसं. भाऊ आपल्या संसाराला लागला आणि आई बाईंच्या वाट्याला आली. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं करताना दिवस पुरत नसे, म्हणून एकटेपणा वगैरे चैनीला फुरसतच नव्हती. आई गेली आणि एका सोमवारी बाईंनी शिपायाला “किल्ली द्या” म्हटलं, तर घशातून नुसती घरघर आली. त्या रविवारी दादाचा फोनही आला नव्हता, आणि शनिवारी दुपारी घरात पाऊल टाकल्यापासून तोंडातून एक शब्द काढायची वेळ आली नव्हती. दीड दिवस वापरला नाही तर आवाजालाही गंज चढतो, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्या घाबरल्या.

घाबरलेलं माणूस ओळखीच्याला विचारतं. ओळखीचं कोणी नसलेलं माणूस कपाट उघडतं. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी खालच्या कपाटातली परिषदेची तक्रारींची नोंदवही काढली आणि ज्याच्या नावापुढे चौदा वर्षांत एक ओळही नाही असा समुपदेशक निवडला. कोरं पान म्हणजे ‘चांगला माणूस’ की ‘अजून कोणी बोललेलं नाही’, हा प्रश्न याच धंद्यात हयात घालवलेल्या बाईला पडायला हवा होता. नाही पडला. गरजवंताला अक्कल नसते.

त्याला त्यांनी आपलं ऑफिस खोटं सांगितलं. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत टाइप करते, म्हणाल्या. परिषदेतली बाई म्हटलं की तो सांभाळून वागेल, आणि परिषदेतल्या लोकांना कळलं तर जिन्यात चर्चा होईल, ही भीती. त्यानेही नाव कुठे लिहायचं नाही असं सांगितलं. त्याच्याकडे प्रत्येक क्लायंटला नंबर असे. डायरीत नंबर, पुढच्या वेळेच्या चिठ्ठीवरही नंबर. बाईंचा सतरा.

दर गुरुवारी पाच वाजता पन्नास मिनिटं. आणि ऑफिसातल्या मौनीबाई तिथे बोलत, तोटी मोडलेल्या नळासारख्या बोलत. आईच्या पाठीला झालेल्या जखमेबद्दल, वहिनीच्या “बरं बरं”बद्दल, इतक्या क्षुल्लक गोष्टींबद्दल की घरच्या माणसाने जांभई दिली असती. तो जांभई देत नसे. बाई थांबल्या की तो हळू आवाजात म्हणे, “आणि मग?” आपण बोलायचं थांबलो तर पुढचं ऐकायला कोणीतरी खोळंबलंय, हे सुख बाईंना चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं. त्याने त्यांच्याशी कधी वेडंवाकडं काही केलं नाही. हे इथेच स्पष्ट सांगितलेलं बरं. पाण्याचा पेला पुढे करताना त्याचं बोटसुद्धा लागत नसे.

वर्षभराने परिषदेने सुनावण्यांचा वार बदलून गुरुवार केला. त्या दिवशी टंकलेखनाच्या खोलीने साडेसहापर्यंत थांबायचं आणि हजेरीपटावर जायची वेळ लिहून सही करायची, असा हुकूम निघाला. बाई त्याच्याकडे जाऊन चाचरत म्हणाल्या, की घरच्या अडचणीमुळे गुरुवार जमायचा नाही. त्याने लगेच मंगळवारी सकाळी आठची वेळ दिली. माझ्यासाठी तो दोन तास लवकर दवाखाना उघडणार, या विचाराने बाईंना घरी जाताना रस्ता पुरला नाही. शिपायाला त्यांनी मंगळवारी थोडा उशीर होईल म्हणून सांगून ठेवलं. दर वेळी मिळणारी चिठ्ठी त्या स्वयंपाकघरातल्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवत. तारीख, वेळ, खाली त्याच्या अक्षरात सतरा. टाइप करणाऱ्या बाईला कागद फेकवत नाही.

असं आणखी एक वर्ष गेलं.

मग एका शुक्रवारी सकाळी त्यांनी नवं प्रकरण लावलं. आधी अध्यक्षांचा आवाज, मग प्रतिवादीने घसा खाकरला आणि म्हणाला, “नमस्कार.” बाईंचा पाय पेडलावरून आपोआप उचलला गेला.

नवी शेजारच्या टेबलावर काहीतरी खात होती. ती म्हणाली, “काय झालं हो, बाई?”

“काही नाही. आवाज फाटतोय.”

समोरच्या भिंतीवर शेवटचा नियम त्यांच्याकडे बघत होता, आणि तो त्यांनीच टाइप केलेला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पेडल दाबलं. एकतीस वर्षं नाकासमोर चाललेली बाई पहिल्यांदा वाकडी चालली ती अशी, खुर्चीत बसल्या बसल्या.

तक्रारदार बाई पाळणाघर चालवणारी होती. नवरा सोडून गेल्यावर झोप उडाली म्हणून या माणसाकडे गेली. पाळणाघर साडेचारला बंद करून ती गुरुवारी पाचला पोचे. त्या वेळी दवाखान्यात तिसरं कोणी नसे. असे अकरा गुरुवार. पहिल्या दोन गुरुवारी तो नुसतं ऐकत होता. तिसऱ्या गुरुवारी त्याने हात हातात घेतला आणि विश्वास बसायला हे लागतं म्हणाला. पुढचं तिने थांबत थांबत सांगितलं. बाईंनी तीनदा कंसात ‘विराम’ लिहिलं. हा उपचाराचाच भाग आहे, बाहेर बोललात तर झालेला गुण जाईल, असं त्याने तिला बजावलं होतं. बाराव्या गुरुवारी दार बंद होतं, आणि फोनवर तो म्हणाला, की हे सगळं तुमच्या मनाचे खेळ आहेत आणि तुम्ही दुसरीकडे उपचार घ्या.

मग त्याची पाळी आली. तो शांत होता. बाई आपल्याकडे काही दिवस येत होत्या हे खरं, पण सोमवारी दुपारी, आणि तेही चारच वेळा. गुरुवारी पाचला त्या येणं शक्यच नाही, कारण ती वेळ दोन वर्षांपासून एका जुन्या क्लायंटची आहे. ही डायरी. कागद उलटल्याचा आवाज आला. अकराही गुरुवारी, पाच ते पाच पन्नास, सतरा.

समितीतल्या कोणीतरी विचारलं, की या सतरा नंबरला बोलावता येईल का.

“मला नाव सांगता येणार नाही, हे आपण जाणताच,” हेडफोनमधून तो आवाज म्हणाला. “गुप्ततेचा नियम आपणच केलेला आहे. एवढं सांगतो, की वयस्क बाई आहे. एकटी. तिला विचारणारं जगात कोणी नाही. आठवड्यातून तो एक तास, त्यावर ती उभी आहे. तिला इथे आणून प्रश्न विचारलेत तर ती कोसळेल.”

अध्यक्षांनी हे मान्य केलं, आणि पुढच्या गुरुवारी निर्णय देऊ म्हणाले.

बाईंनी ते वाक्य टाइप केलं. ‘तिला विचारणारं जगात कोणी नाही.’ पूर्णविराम दिला. शब्द बरोबर आहेत ना, हे बघायला नियमाप्रमाणे मागे जाऊन पुन्हा ऐकलं. बरोबर होते. खोटंही नव्हतं त्यात काही. जखमेवर मीठ चोळणारा निदान समोर तरी असतो, हा कानात बसून चोळत होता, आणि बाईंना ते बिनचूक उतरवून घ्यायचं होतं.

त्याने केलं काय होतं? फार काही नाही. बाईंचा सुटलेला तास डायरीत बाईंच्याच नंबराने भरत राहिला. चोराला रिकामं घर बरोबर दिसतं. नवऱ्यामुलांची, बहिणीभावांची, चार मैत्रिणींची क्लायंट असती तर त्याने तिचा नंबर वापरला नसता. तो ज्या गुरुवारी डायरीत सतरा लिहीत होता, त्याच गुरुवारी सतरा नंबर परिषदेच्या याच इमारतीत पेडलावर पाय ठेवून बसलेली होती, आणि साडेसहाला हजेरीपटावर सही करून घरी जात होती. तिच्याबद्दल सगळं माहीत असलेल्या त्या एका माणसाला एवढंच माहीत नव्हतं.

बाई त्या दिवशी उठून रजिस्ट्रारबाईंकडे गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर सोपं होतं. शनिवार गेला. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, “दादा, तुला एक विचारायचंय—”

“थांब, हिच्याकडे देतो,” दादा म्हणाला.

वहिनीने जेवणाचं विचारलं. वेळेवर जेवते, असं बाईंनी सांगितलं. बरं बरं, ठेवते हं.

बोलावं की नाही, याचं पारडं दिवसभर वर-खाली होत होतं. बोललं तर मंगळवार गेला, नोकरीत तोंड दाखवायची पंचाईत, आणि जिन्यात चर्चा. गप्प बसलं तर पाळणाघरवाली खोटी ठरणार, आणि तीही बाईंच्या नंबराच्या साक्षीने. आपण उठून गेलो नसतो, तर त्या खुर्चीत दुसरी कोणी बसलीच नसती, हेही मधूनच मनात येई. तसं पाहिलं तर हा वेडेपणा. खुर्चीतून उठणं हा गुन्हा नव्हे. पण एकट्या माणसाच्या डोक्यात आलेला विचार खोडून काढायला घरात दुसरं डोकं नसतं.

मंगळवारी आठ वाजता त्या गेल्या. का गेल्या? सवय म्हणा, मोह म्हणा. तो तसाच होता. स्वच्छ शर्ट, पाण्याचा पेला, क्लायंटच्या पाठीमागे लावलेलं घड्याळ, जे फक्त त्यालाच दिसे. बाई बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना बोलायला काही सुचेना.

“आज गप्प आहात,” तो म्हणाला.

“झोप नाही लागली.” मग बाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, “सर, माझा तो गुरुवारचा तास आता कोणाला दिलात?”

विराम मोजायची त्यांना सवय होती. सात सेकंद झाले. सात सेकंदांना कंस लागत नाही.

“कोणाला नाही,” तो म्हणाला. “तो तुमचाच आहे. मी तो दुसऱ्या कोणाला दिलाच नाही.”

असल्या एका वाक्यावर बाईंनी एरवी महिना काढला असता. भाजी निवडताना, बसमध्ये, दाराला कुलूप घालताना ते आठवून आठवून चघळलं असतं. त्याने ते म्हटलंही इतकं मायेने, की टेप ऐकलेली नसती तर डोळ्यांत पाणी आलं असतं. टेप ऐकलेली होती, तरी आलं. मग तो म्हणाला, की कोणी कधी माझ्याबद्दल काही विचारायला आलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही, तुमची गुप्तता जपणं हे माझं काम आहे.

“आणि मग?” बाई म्हणाल्या.

त्याला कळलं नाही. हे त्याचं वाक्य होतं. तो जरासा हसला, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या मंगळवारची चिठ्ठी लिहिली. आठ वाजता. सतरा. बाईंनी ती घडी घालून पाकिटात ठेवली, आभार मानले आणि ऑफिसला न जाता आधी घरी आल्या. तारेच्या आकड्यातून सगळ्या चिठ्ठ्या काढून रुमालात बांधल्या, आणि मग परिषदेचा जिना चढल्या, पण वरच्या मजल्यापर्यंत नाही.

रजिस्ट्रारबाई चहा पीत होत्या. मौनीबाई आपण होऊन खोलीत आल्या हे पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

“सतरा नंबर मी आहे,” बाई म्हणाल्या.

रजिस्ट्रारबाई फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या, पण त्या आधी “बसा” म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्या खोलीत बाईंना बसायला सांगितलेलं हे पहिल्यांदा. सगळं ऐकून त्यांनी चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या. हजेरीपट मागवला. अकरा गुरुवार, अकरा सह्या, जायची वेळ सहा तीस, एकदा सहा पस्तीस. त्यांनी बराच वेळ बोट फिरवत वाचलं आणि मग चष्मा काढला.

“आवाज शुक्रवारी ओळखलात आणि तरी पूर्ण टाइप केलंत.”

“हो.”

“नियम माहीत होता?”

“मीच लिहिलाय तो.”

“तुम्हाला ताकीद द्यावी लागेल.”

“द्या ना,” बाई म्हणाल्या. ताकीद देण्यात चूक काही नव्हतीच.

गुरुवारी बाई सुनावणीच्या खोलीत पहिल्यांदा बसल्या, मायक्रोफोनच्या अलीकडे. खोली त्यांच्या कल्पनेपेक्षा लहान होती. इतके हुंदके एवढ्याशा खोलीत मावले कसे, असं त्यांना वाटलं. पाळणाघरवाली समोर होती. पाच फूट तीन इंच उंचीची, अंगाने भरलेली, हाताला खडूचा रंग लागलेला. आवाजावरून बाईंनी तिला किडकिडीत समजलं होतं. आणि तो होता. बाई आत आल्या तेव्हा आपल्या एका क्लायंटला इथे काय काम, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग रजिस्ट्रारबाईंनी बाईंचा हुद्दा वाचून दाखवला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

चिठ्ठ्या दाखवल्या, हजेरीपट दाखवला. डायरीत जुना नंबर सवयीने लिहिला गेला असेल, असं तो म्हणाला. अकरा वेळा का, असं अध्यक्षांनी विचारलं, आणि ज्या क्लायंटला इथे आणलं तर ती कोसळेल असं आपण म्हणालात ती याच ना, असंही विचारलं. तो समितीशी बोलायचं सोडून बाईंकडे वळला.

“दोन वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोललात,” तो म्हणाला. “मी तुमच्यावर विश्वास ठेवला.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बियाण्यांची कंपनी नाहीये.”

अध्यक्षांनी विचारलं, यांनी तुमच्याशी कधी गैरवर्तन केलं का. नाही, बाई म्हणाल्या, कधीच नाही, मला त्यांचा उपयोग झाला, तेही लिहून घ्या. आणखी काही सांगायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. बाई काही वेळ गप्प बसल्या, मग खाली बघून काहीतरी पुटपुटल्या. ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा विचारायचं कोणाला सुचलं नाही.

जिन्यात पाळणाघरवालीने त्यांना गाठलं. ती आभार मानेल असं बाईंना वाटलं होतं. मनातल्या मनात त्यांनी “त्यात काय” हे उत्तरही तयार ठेवलं होतं.

“तुमच्याशी कधीच नाही?” तिने विचारलं.

“नाही.”

“दोन वर्षांत?”

“नाही.”

“मग माझ्याशीच का?”

“तो तास माझा होता,” बाई म्हणाल्या. “मी सोडला.”

तिने बाईंकडे निरखून पाहिलं. तिला राग आला होता की दया, हे बाईंना समजलं नाही. आवाज ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, चेहऱ्यांची सवय नव्हती.

“तुम्ही सोडलात म्हणून नाही हो,” ती शेवटी म्हणाली. “त्याने केलं म्हणून.” आणि भरभर उतरून गेली. मुलं घ्यायला आईबाप यायची वेळ झाली असणार.

त्याची नोंदणी सात वर्षांसाठी रद्द झाली. दवाखान्यावरची पाटी काढावी लागली. बाईंची ताकीद रजिस्ट्रारबाईंनी हाताने लिहिली आणि शिपायाने ती सवयीने टंकलेखनाच्या ट्रेमध्ये आणून टाकली, म्हणून ती बाईंनाच टाइप करावी लागली. त्यांनी ती नीट समास सोडून टाइप केली आणि एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करून सहीला पाठवली. नवी म्हणाली, की स्वतःचीच फाशी स्वतः आवळणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. बाई म्हणाल्या, दुसऱ्याने ढिली बांधली असती. एवढा मोठा विनोद त्यांनी ऑफिसात आजवर केला नव्हता. नवीला हसावं की नाही ते कळेना.

बाईंच्या साक्षीचं ध्वनिमुद्रण अर्थातच नवीकडे गेलं. शेवटापाशी येऊन ती अडली. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा आवाज मोठा करून ऐकलं. मग तिने हेडफोनचा एक कान बाईंकडे धरला.

“बाई, इथे तुम्ही काहीतरी म्हणालात. काय लिहू?”

बाईंनी कान लावला. स्वतःचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. तो त्यांना परका वाटला, आणि जरा म्हाताराही. अध्यक्षांचा प्रश्न, मग अकरा सेकंद काही नाही, मग त्या परक्या बाईचं पुटपुटणं. खुर्ची सरकल्याचा आवाज त्यावर आला होता, तरी चांगल्या कानाला शब्द लागत होते. ‘आता मंगळवारी कुठे जाऊ?’

“नाही कळत,” बाई म्हणाल्या. “अस्पष्ट लिही.”

नवीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला काम बाईंनीच शिकवलं होतं, तिचा कानही बाईंनीच तयार केला होता. तिने ‘विराम’ लिहिलं, त्यापुढे ‘अस्पष्ट’ लिहिलं आणि पान पुढे केलं.  संध्याकाळी जाताना तिने दाराशी थांबून “येते हं, बाई” म्हटलं. ते ती रोजच म्हणे. एरवी हेडफोनमुळे बाईंना ते ऐकू येत नसे.

मंगळवारी बाईंना नेहमीप्रमाणे जाग आली. नेहमीप्रमाणे त्यांनी ठेवणीतली साडी काढली, मग परत ठेवून रोजची नेसली. स्वयंपाकघरात तारेचा आकडा मोकळा लटकत होता. चिठ्ठ्या सगळ्या प्रकरणाच्या फाइलला लागल्या होत्या, न वापरलेल्या शेवटच्या चिठ्ठीसकट. दुसरा समुपदेशक शोधावा, असं रजिस्ट्रारबाईंनी दोन नावंही देऊन सुचवलं होतं. बघू, असं बाई म्हणाल्या होत्या. नोंदवही उघडून त्या नावांपुढची कोरी पानं पाहायचा त्यांना धीर होत नव्हता.

आठ वाजता त्या ऑफिसात होत्या. शिपाई केर काढत होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“मंगळवारी तुम्ही उशिरा येता ना?”

“आता नाही.”

“मग मी हा मजला आधी झाडायला हवा,” तो कुरकुरला, जणू त्यांनी त्याच्या अख्ख्या दिवसाची घडी विस्कटली होती. बाई आपल्या खुर्चीत बसल्या. हेडफोन समोर होता, फाइल समोर होती, पण संगणक अजून सुरू झाला नव्हता. कानात कोणीच नव्हतं. पन्नास मिनिटं किती लांब असतात, ते त्यांना आता घड्याळ तोंडासमोर असल्यामुळे दिसत होतं.

शिपाई झाडत झाडत टेबलाशी आला.

“पाय वर घ्या, बाई.”

बाईंनी पेडलावरचे पाय उचलून धरले. त्याने खाली झाडू फिरवला, धूळ पुढे ढकलली आणि तो नवीच्या टेबलाकडे वळला. बाईंनी बराच वेळ पाय तसेच वर धरून ठेवले.